नागपुरात रिसर्च मेथडचे तीन शॉर्ट कोर्स केले, त्यातल्या एकानेच वस्तीत नेलं

मागच्या दीड वर्षात मी सोशल रिसर्च मेथडचे तीन शॉर्ट कोर्स केले. पहिला इथल्याच एका प्रायव्हेट क्लासचा, दोन वीकेंडचा. दुसरा स्वयम् या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन. आणि तिसरा दहा दिवसांचा, आयसीएसएसआरच्या (सामाजिक विज्ञान संशोधनाला पैसे देणारी सरकारी परिषद) ग्रँटवर एका कॉलेजने घेतलेला. पीएचडीला लागलेल्या ओळखीतल्या चार-पाच जणी सध्या फोन करून हेच विचारून राहिल्या की ताई कोणता करू, पैसे भरू की नको, सर्टिफिकेट चालतं का, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढते. लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण फी पण तुम्हीच भरणार आणि सुट्ट्या पण तुमच्याच जाणार.

आधी थोडं माझं. एमएसडब्ल्यू झाल्यावर अकरा वर्षं झाली, पूर्व नागपूरच्या वस्त्यांमध्ये एका संस्थेत काम करते, जास्त करून बायांसोबत, धुणंभांडी करणाऱ्या, घरी बसून साडीला फॉल, मणी-टिकल्या लावणाऱ्या. या अकरा वर्षांत किती फॉर्म भरले त्याचा हिशोब नाही. बेसलाइन (कार्यक्रमाआधीची पाहणी), एंडलाइन (संपल्यावरची), मधातलं अजून काही. फॉर्म वरून यायचा, आम्ही भरायचो आणि पाठवून द्यायचो, हा प्रश्न असाच काहून विचारायचा हे कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं. यूजीसीच्या नियमाने कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजी करावंच लागतं, पण माझं ते सहा-सात लेक्चरमध्ये आटोपलं आणि डोक्यात काही बसलं नाही. तेव्हापासून बाहेरचे कोर्स शोधायला लागले.

पहिला कोर्स धरमपेठ साइडला. नाव लिहीत नाही. फी ६५०० आणि वरून १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६७० रुपये, ते पण आधीच भरायचे. चार दिवस, शनिवार-रविवार, शनिवार-रविवार. एसी हॉल, चहा-बिस्किट वेळेवर, सरांचं बोलणं एकदम फर्डं. पंचेचाळीसच्या वर लोक होते एका हॉलमध्ये. पहिला दिवस व्याख्या आणि हायपोथेसिसचे प्रकार, दुसरा दिवस सॅम्पलिंग, बाकीचे दोन दिवस एसपीएसएस, म्हणजे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. एसपीएसएससाठी डेटा तयारच दिला, कुठल्यातरी बँकेच्या ग्राहकांचा. त्यावर टी-टेस्ट लावा, काय-स्क्वेअर लावा, ॲनोव्हा लावा, टेबल वर्डमध्ये पेस्ट करा, खाली एक ओळ लिहा, संपलं. मी मधात हात वर करून विचारलं की सर हा डेटा गोळा कसा केला, कोणाला विचारलं, कुठं विचारलं, तर ते आपल्या विषयात नाही म्हणाले. मला तिथंच खटकलं, कारण मी तर तेच शिकायला गेली होती.

सगळ्यात जास्त राग मला आला तो ३८४ या आकड्याचा. नागपुरात पीएचडी करणाऱ्या कोणालाही विचारा, सॅम्पल किती घेतलं, तो ३८४ च सांगतो. सूत्र साधं आहे, १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर येतं ३८४.१६. ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि पाच टक्के इकडे-तिकडेची मुभा धरली की हा आकडा निघतो आणि लोकसंख्या मोठी असली तर शहर चोवीस लाखांचं असो की दोन कोटींचं, आकडा जवळपास तोच राहतो. यात चूक काहीच नाही. पण हे सूत्र तेव्हाच लागू पडतं जेव्हा नमुना चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा असतो, प्रत्येक माणसाला निवडलं जायची सारखी संधी असते. आपण काय करतो, दहा वस्त्या घेतो आणि एकेका वस्तीत चाळीस घरं करतो. आता एका गल्लीतले लोक बऱ्याच गोष्टींत एकमेकांसारखे असतात, एकच नळ, एकच शाळा, एकच रेशन दुकान, त्यामुळे चाळीस घरं विचारूनही चाळीस वेगळ्या गोष्टी कळत नाहीत. यामुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो त्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात, तो २ धरला तर ३८४ चे ७६८ होतात. हे मला त्या हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही, नंतर कळलं. उलट तिथं सांगितलं की गूगल फॉर्म बनवा, व्हॉट्सॲपवर फिरवा, ३८४ रिस्पॉन्स झाले की बंद करा. अहो पण व्हॉट्सॲपवर कोण आहे, कोणाला वेळ आहे, कोण तुमच्या ओळखीतलं आहे, हे काहीच बघायचं नाही का?

१९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं हीच चूक लय मोठ्या प्रमाणावर केली होती. एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, एवढ्या मोठ्या आकड्यावर त्यांनी सांगितलं की लँडन निवडून येणार. निवडून आले रूझवेल्ट, ते पण ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि गाड्यांच्या नोंदणीतून, त्या मंदीच्या काळात फोन आणि गाडी असणारे म्हणजे बऱ्या घरचे लोक, आणि पत्रिका परत पाठवणारे पण ठरावीकच. त्याच वर्षी जनमत चाचणी घेणाऱ्या गॅलपने पन्नास हजारांच्या आसपास लोकांवरून विजेता बरोबर सांगितला. हा किस्सा कोणताही चांगला शिकवणारा पहिल्या तासाला सांगतो, आणि ७६७० रुपयांच्या कोर्समध्ये तो कुठंच नव्हता.

क्रॉनबॅक अल्फाचंही तसंच, म्हणजे फॉर्ममधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. ०.७ च्या वर आला की पास, नाही आला तर एकेक प्रश्न काढत जा, येईपर्यंत. मी पण घरी येऊन माझ्या जुन्या फॉर्मवर तेच केलं आणि अल्फा वर गेला. पण कोणता प्रश्न काढून राहिलो, तो काढल्याने आपल्याला जे मोजायचं होतं ते तरी उरलं का, हा विचार करायलाच शिकवलं नाही. आणि नुसते प्रश्न वाढवत गेलं तरी अल्फा वर जातो, म्हणजे एकच गोष्ट बारा वेळा फिरवून विचारली की आकडा मस्त दिसतो.

व्यवहाराचंही सांगते. जाहिरातीत लिहिलं होतं रेकॉर्डिंग मिळेल, छापील नोट्स मिळतील, महिनाभर डाउट विचारता येतील. मिळाली फक्त स्लाइडची पीडीएफ. रेकॉर्डिंगसाठी मी तीनदा मेसेज केला, दोनदा ‘लवकरच’ असं उत्तर आलं, मग तेही बंद झालं. सर्टिफिकेटवर तीस तास लिहिले आहेत, मी वहीत वेळ टिपत होती, शिकवणं भरलं एकोणीस तास. मला हे फार लागलं, कारण माझ्यासोबत एक गडचिरोलीहून आलेली पोट्टी होती, बसचं भाडं आणि दोन वीकेंडचं राहणं मिळून तिची महिन्याची अर्धी फेलोशिप गेली असेल. ज्यांना फक्त एसपीएसएसची बटणं शिकायची आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे, पण तेवढ्यासाठी एवढे पैसे कशाला, तशाच कामाचं आर फुकट आहे, जामोव्ही फुकट आहे आणि जामोव्ही तर एसपीएसएस येणाऱ्याला एका दुपारी जमते.

स्वयम् वाल्या कोर्सबद्दल थोडक्यात. शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी. व्हिडिओ बरे असतात, दर आठवड्याला असाइनमेंट असते, मी रात्री पोरगा झोपल्यावर बघत होती. संकल्पना पक्क्या झाल्या, व्हॅलिडिटी (मोजायचं तेच मोजतो का) आणि रिलायबिलिटी (पुन्हा मोजलं तर तेच येतं का) यातला गोंधळ माझा तिथंच सुटला. पण तुमची प्रश्नावली तिथं कोणी वाचत नाही. तुमचा प्रश्न चुकला हे सांगायला समोर माणूसच नाही. पहिल्यांदा हा करा, मग पुढचा, असं मी सगळ्यांना सांगते.

आता तिसरा. हा मला फेब्रुवारीत मिळाला. तीसेक जण होतो, अर्धे विदर्भातले, बाकी बाहेरचे, दोन जण तर ओडिशाहून आलेले. रजिस्ट्रेशनचे हजार रुपये घेतले, जेवण-चहा त्यातच, बाहेरच्यांना राहायची सोय. सकाळी साडेनऊ ते साडेपाच.

पहिला अर्धा दिवस उद्घाटनात गेला, भाषणं, सत्कार, फोटो, मला वाटलं हे पण तसंच. पण दुपारी एक मॅडम आल्या, रिटायर्ड, सगळं आयुष्य सर्वेक्षणात गेलेलं, त्यांनी पहिलं वाक्य असं टाकलं की पेन ठेवा आणि शेजाऱ्याला त्याचा पगार विचारा. दोन मिनिटं हॉलमध्ये कोणी बोलेना. मग त्या म्हणाल्या, तुम्हाला इथं एसीत बसून शिकल्या-सवरल्या माणसाला विचारायला जड जाते, आणि उद्या तुम्ही कोणाच्याही ओट्यावर जाऊन पहिलाच प्रश्न हाच विचारणार आहात. उत्पन्न, जात, आजारपण हे सगळं फॉर्मच्या शेवटी कसं न्यायचं, आधी काय विचारून माणसाला मोकळं करायचं, हे त्यांनी मग तासभर शिकवलं. आमच्या संस्थेच्या प्रत्येक फॉर्मचा तिसरा प्रश्न उत्पन्नाचा असतो.

चौथ्या दिवशी फील्ड. सकाळी सात वाजता बस, ऊन चढायच्या आत. कोणती वस्ती ते लिहीत नाही, तिथल्या लोकांना आम्ही तसं कबूल केलं होतं. आदल्या दिवशी दोघं जण जाऊन नजरी नकाशा काढून आले होते, देऊळ कुठं, बोअरवेल कुठं, गल्ल्या किती, आणि मग घरयादी, साठ घरं. आमचे दोन गट पाडले, दोन्ही गटांनी त्याच साठ घरांच्या यादीतून वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढून वीस-वीस घरं घेतली. फॉर्म एकच. मला वाटलं दोनदा तेच काम काहून करायचं. मॅडमनी सांगितलं संध्याकाळी कळेल.

माझ्या गटातलं पाचवं घर मला अजून डोळ्यासमोर दिसते. दार उघडंच, आतमध्ये जमिनीवर चटई, त्यावर हिरवी साडी पसरलेली, एक बाई फॉल लावत बसलेली, जास्तीची सुई ब्लाउजला खोचलेली आणि दोऱ्याची रिळं पोळ्यांच्या डब्यात. मी विचारलं, तुम्ही काही काम करता का. ती सुई न थांबवता म्हणाली, “नाई वो ताई, काई काम नाई करत, घरीच रायतो मी.” आणि मी फॉर्मवर ‘गृहिणी’ला टिक केली. टिक करून पुढच्या प्रश्नावर गेली पण. हात सवयीने चालून राहिला होता, समोर साडी दिसत असताना.

संध्याकाळी दोन्ही गटांचे आकडे बोर्डवर मांडले. वीस घरांपैकी कमावणारी बाई असलेली घरं आमच्या गटात सहा. दुसऱ्या गटात तेरा. वस्ती तीच, फॉर्म तोच, दिवस तोच. हॉलमध्ये गलका झाला, कोण म्हणे यांनी चुकीचं भरलं, कोण म्हणे त्यांनी. मॅडमनी आधी सांगितलं की वीस-वीस घरांत थोडा फरक नशिबानेही पडतो, म्हणून लगेच कोणाला दोष देऊ नका, आधी कसं विचारलं ते सांगा. तेव्हा कळलं की दुसऱ्या गटात एक भंडाऱ्याची पोरगी होती, तिची आई विड्या वळते, तिने फॉर्मवरचा प्रश्न वाचलाच नाही, तिच्या भाषेत विचारलं, काकू घरी बसून शिवण, फॉल, पापड, विडी, कोणाच्या घरचं काम, असं काही केल्याचे पैसे भेटते का, आणि बाकीच्यांनी तिचं ऐकून तसंच विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या चौदा ‘नाही’ वाल्या घरी परत गेलो, नवीन प्रश्न घेऊन. पाच घरं ‘हो’ झाली. हिरव्या साडीवाली पण. “हे? हे तं बसल्या बसल्या होते,” म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं, दिवसाला किती साड्या, दुकानदार महिन्यातून एकदाच पैसे देतो, डोळे दुखतात.

मग मॅडमनी सांगितलं की हे दोन गटांचं तंत्र संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांचं आहे. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं त्यामागे तेच होते, आणि त्याच्याही आधी बंगालमधल्या तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांनी दोन वेगळ्या तुकड्या एकाच भागात पाठवून आकडे ताडून पाहायची पद्धत बसवली होती, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या माणसामुळे किती चूक शिरते ते कळावं. आणि बायांच्या कामाचं म्हणाल तर सरकारी रोजगार पाहणीतही ‘फक्त घरकाम’ याला ९२ कोड आहे, आणि घरकामासोबत घरच्यासाठी शिवण, सरपण आणणं असं करणाऱ्या बाईला ९३. हे दोन्ही कोड कामगारांच्या मोजणीत धरत नाहीत. पैशासाठी फॉल लावणारी बाई मात्र कामगारच आहे, ती ९२ मध्ये जायलाच नको, आणि ती जाते ती आपल्यासारख्यांच्या प्रश्नामुळे. अकरा वर्षांत मी अशा किती बायांना गृहिणी लिहिलं असेल. त्या आकड्यांवर आमच्या संस्थेने कार्यक्रम ठरवले, शिवणकामाचं ट्रेनिंग ठेवलं, ज्यांना आधीच शिवण येत होतं त्यांच्यासाठी. त्या रात्री मला झोप नाही आली, खरं सांगते.

बाकीचे दिवस पण असेच गेले, सगळं लिहीत नाही, दोन-तीन गोष्टी सांगते ज्या मी रोज वापरून राहिली.

एक म्हणजे पाच पर्यायांचा स्केल. रेन्सिस लिकर्टने तो १९३२ मध्ये मांडला आणि आपण तो पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत असा मराठीत करून वस्तीत नेतो. तटस्थ म्हणजे काय हे मला एका आजीने विचारलं होतं पाच वर्षांआधी, मी तिला समजावू शकली नव्हती. इथं शिकवलं की दोन पायऱ्यांत विचारा. आधी पटते की नाही पटत. मग पटते तर लय पटते की थोडं थोडं. दोन्हीत बसत नसेल तर मधलं. पाचही रकाने भरतात आणि आजीला ओझं होत नाही. आणि एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबायच्या नाहीत, ‘पाणी आणि संडासची सोय चांगली आहे का’ या आमच्या फॉर्ममधल्या प्रश्नाला नळ असलेली पण संडास नसलेली बाई काय उत्तर देईल?

दुसरी, तारखा. बाईला विचारलं पोरगी कोणत्या साली झाली तर आठवत नाही, पण नागपुरातलं गोवारी हत्याकांड (मोर्चातली चेंगराचेंगरी) झालं तेव्हा पोटात होती हे पक्कं सांगते, म्हणजे १९९४ चा नोव्हेंबर. म्हणून आम्ही नागपूरचं घटना-कॅलेंडर बनवलं, गोवारी, मेट्रो सुरू झाली ते २०१९, लॉकडाऊन, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि घरांत पाणी शिरलं तो २०२३ चा सप्टेंबर. वर्षातल्या वर्षात विचारायचं असेल तर पोळ्याच्या आधी की मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक) निघाल्यावर, दिवाळीच्या आधी की नंतर. मोठ्या सर्वेक्षणांतही असंच करतात, फक्त घटना त्या त्या भागाच्या घेतात. दिल्लीहून आलेल्या फॉर्ममध्ये मारबत कुठून येणार, ती आपल्यालाच टाकावी लागते.

तिसरी, ट्रान्सक्रिप्ट. मुलाखतीचं रेकॉर्डिंग लिहून काढायचा एक पूर्ण दिवस होता. एक तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात हे आधीच सांगून ठेवते, वेळेचा अंदाज घ्या. आमच्यातल्या एकाने रेकॉर्डिंगमधलं ‘मले कोणी इचारतच नाई’ हे ‘मला कोणी विचारत नाही’ असं लिहिलं. सरांनी (हे दुसरे, क्वालिटेटिव्ह म्हणजे मुलाखतींवरचं संशोधन शिकवणारे) तिथंच थांबवलं. इचारतच मधला च कुठं गेला, म्हणाले. तो च म्हणजे तिचं सगळं दुखणं आहे आणि तू ते साफसूफ करून टाकलं. मग ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांप्रमाणे कोडिंग (बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं) शिकवलं, पण पहिला टप्पाच आहे की पुन्हा पुन्हा वाचून त्या बोलण्याशी ओळख करून घ्या, आणि बोलणंच बदलून लिहिलं असेल तर ओळख कोणाशी होणार. वऱ्हाडी, झाडीबोली, नागपुरी हिंदी, जे कानावर आलं तेच कागदावर, हा नियम मी आता आमच्या टीमला लावला आहे.

संमतीचंही चांगलं शिकवलं. वस्तीत सही मागितली की बाया घाबरतात, घराच्या पट्ट्याचं काही आहे का, कर्जाचं आहे का विचारतात. तर आधी पूर्ण समजावून सांगा, नको म्हणायचा हक्क आहे हे सांगा, आणि सहीची भीती असेल तर एथिक्स कमिटीची आधी परवानगी काढून तोंडी संमती साक्षीदारासमोर नोंदवा. नाव आणि फोन नंबर एका कागदावर, उत्तरं दुसऱ्या कागदावर, दोन्ही जोडायला फक्त एक कोड नंबर. हे शेवटचं आम्ही कधीच करत नव्हतो.

आता या कोर्सचे दोष पण लिहिले पाहिजेत. स्टॅटिस्टिक्सला दीडच दिवस दिला, रिग्रेशन तर वाऱ्यासारखं गेलं, ज्यांचं बारावीनंतर गणित सुटलं त्यांच्या हाती काही लागलं नाही. कॉम्प्युटर लॅबमधले अर्धे पीसी चालू होत नव्हते, तीन-तीन जण एका स्क्रीनवर. आठव्या दिवशी येणारे वक्ते आलेच नाहीत, त्या दिवशी जे कोणी होते त्यांनी जर्नलमध्ये पेपर कसा पाठवायचा यावर वेळ काढला. स्लाइड बहुतेक इंग्रजीत आणि इथंही गावाकडून आलेल्या पोरांची ओढाताण झाली, चर्चा मराठी-हिंदीत झाली म्हणून निभावलं. समारोपाच्या दिवशी सर्टिफिकेट हातात मिळालं, बाहेर कोपऱ्यावरच्या गाडीवर सगळ्यांनी मिळून तर्री पोहे खाल्ले, त्यातल्या आठ-नऊ जणी आम्ही अजून एकमेकींच्या प्रश्नावल्या तपासतो.

तर कोणासाठी काय. पीएचडी नुकतीच लागली असेल तर आधी स्वयम्, मग दहा दिवसांचा. संस्थेत काम करणारे असाल आणि दहा दिवस सुट्टी मिळत नसेल तर निदान असा कोर्स शोधा ज्यात एक तरी दिवस फील्ड आहे आणि फील्डवरून आल्यावर तुमचा फॉर्म बदलायला लावतात. फोन करून हेच विचारा, फील्डला नेता का आणि माझी प्रश्नावली कोण वाचणार. उत्तर गोलमाल आलं तर पैसे भरू नका. बॅच चाळीसच्या वर असेल तरी नको, एवढ्या लोकांत तुमचा कागद कोणी बघत नाही. उन्हाळ्यात ठेवलेला असेल तर फील्ड सकाळी आहे का ते पण विचारा, मे महिन्यात नागपुरात अकरानंतर कोणी दार उघडत नाही आणि उघडलं तरी बिचाऱ्यांना कूलरसमोरून उठवून वीस मिनिटं दारात उभं ठेवणं बरं नाही.

दहा दिवसांच्या कोर्ससाठी अर्ज करताना गाइडचं शिफारसपत्र, पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र, विभागप्रमुखांची सही, संशोधनाचा एक पानाचा आराखडा असं लागलं होतं. जागा तीसच, आमच्या वेळी दीडशेच्या वर अर्ज होते असं तिथं कळलं, आणि आराखडा वाचूनच निवडलं होतं. गाइडची सही मिळायला किती दिवस लागतात हे तुम्हाला माहीतच आहे, ते पत्र आताच घेऊन ठेवा.